ओढणे आणि ओतणे : बाळाच्या बाटलीतील एका छिद्राचा इतिहास

१/
बाटलीने दूध पिणारे तान्हे बाळ तीन-चार महिन्यांचे होते आणि घरात एक लहानसा प्रश्न उभा राहतो : बाटलीचे निपल आता बदलावे काय? मोठ्या छिद्राचे, म्हणजे दूध अधिक वेगाने सोडणारे निपल लावावे काय? पाकिटावर महिने छापलेले असतात, आजीचे मत निराळे असते आणि बाळाचे मत कोणी विचारीत नाही. प्रश्न किरकोळ वाटतो. त्याच्यामागे मात्र किमान दोन सहस्र वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात असंख्य बालकांचे मृत्यूही आहेत.

२/
या इतिहासाचे सूत्र दोन क्रियापदांत सांगता येते : ओढणे आणि ओतणे. आईच्या अंगावर पिणारे बाळ दूध स्वतः ओढते. ओठ, जीभ, जबडा आणि श्वास यांचा मेळ घालून आपली गती तेच राखते आणि दमले की थांबते. आईच्या जागी भांडे आले की प्रश्न उत्पन्न होतो : आता गती कोण ठरवणार? बाळ, पाजणारा माणूस, की भांडे घडवणारा कारागीर? प्रत्येक युगाने याचे उत्तर आपापल्या परीने दिले.

३/
मराठी भाषेने या इतिहासाची खूण जपून ठेवली आहे. अगदी अजाण माणसाविषयी 'बोळ्याने दूध पितो' असे म्हणतात. कापसाचा किंवा मऊ कापडाचा बोळा दुधात भिजवून बाळाच्या ओठांशी धरावा आणि त्याने तो चोखावा, ही जुनी रीत. दुसरे साधन म्हणजे बोंडले : पुढे निमुळती चोच असलेले चांदीचे वा पितळेचे चिमुकले भांडे. किनारपट्टीवर शिंपलाही याच कामी येई. बोळ्यातून बाळ दूध ओढते, तर बोंडल्यातून वा शिंपल्यातून दूध ओतले जाते आणि त्याची गती पाजणाऱ्या बाईचे मनगट ठरवते. हे दोन्ही प्रकार जुन्या माजघरात शेजारी शेजारी नांदत होते.

४/
प्राचीन भारतीय वैद्यकाचा पहिला भर मात्र कोणत्याही भांड्यावर नव्हता. 'सुश्रुतसंहिते'च्या शारीरस्थानात आईचे दूध, ते नसेल तर पारखून नेमलेली धात्री म्हणजे दूधआई, आणि तेही नसेल तर शेळीचे अथवा गाईचे दूध, असा क्रम येतो. जगात इतरत्रही दूधआई हीच बाटलीची खरी पूर्वज होती. भांडे पुढे येई ते आई दगावली, दूध आटले किंवा दूधआई परवडली नाही, तेव्हा. म्हणजे या भांड्यांच्या इतिहासात आरंभापासूनच अडलेल्या घरांची कहाणी दडलेली आहे.

५/
युरोपात अशी भांडी फार प्राचीन काळापासून सापडतात. मुठीत मावणारी, चोच असलेली मातीची भांडी बालकांच्या दफनांत आढळत. ती दिव्यात तेल घालण्याची असावीत की रुग्णाला पाजण्याची, याविषयी तर्क चालत. २०१९ साली ज्युली डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातल्या अशा तीन भांड्यांच्या मातीत मुरलेल्या स्निग्धांशांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. ही भांडी कांस्ययुग व लोहयुगातील बालकांच्या थडग्यांतील होती. त्यांत रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या दुधाचे अंश मिळाले. काही भांडी प्राण्यांच्या आकाराची घडवलेली असत. म्हणजे कोणीतरी या साधनाकडे मायेनेही पाहत होते. मात्र ती थडग्यांत सापडतात, हेही विसरून चालत नाही.

६/
दुधाच्या गतीचा विचार स्पष्ट शब्दांत मांडणाऱ्यांत इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य सोरेनस याचे नाव घ्यावे लागते. इफिससचा हा वैद्य रोममध्ये व्यवसाय करी. स्त्रीरोग व बालसंगोपन यांवरील ग्रंथात त्याने मोठ्या होत असलेल्या बाळाला पाणी किंवा पाणी घातलेला द्राक्षासव कृत्रिम बोंडातून द्यावा असे सांगितले, आणि त्याचे कारणही दिले : अशा साधनातून बाळ स्तनातून ओढावे तसे थोडे थोडे ओढते, म्हणून अपाय होत नाही. 'थोडे थोडे' आणि 'बाळ ओढते' या दोन अटींभोवतीच पुढचा सारा इतिहास फिरत राहिला.

७/
मध्ययुगीन युरोपात गाईचे पोकळ शिंग हे सर्रास वापरले जाणारे साधन होते. शिंगाच्या टोकाला छिद्र पाडत आणि त्यावर मऊ चामड्याचा तुकडा शिवून बांधत. चामडे भिजले की त्यातून दूध झिरपे. गती चामड्याच्या टाक्यांवर ठरे. पुढील काळात कथील, चांदी, लाकूड, हस्तिदंत अशा पदार्थांची बोंडे आली. ती टणक असल्याने बाळाच्या हिरड्यांना टोचत. मऊपणासाठी वासराच्या सडाचे कातडे मद्यार्कात टिकवून बाटलीच्या तोंडाला बांधण्याचीही रीत होती. ते मऊ होते खरे, पण कुजतही असे.

८/
याच काळात 'ओतण्या'चे एक टोकाचे साधन प्रचारात होते. पाव किंवा पीठ पाण्यात वा दुधात शिजवून केलेली पेज बाळाला देण्यासाठी नावेच्या आकाराचे, तोंडाशी निमुळते होणारे भांडे वापरत. काही चमच्यांचा दांडा पोकळ असे. पाजणारी बाई दांड्याच्या दुसऱ्या टोकातून फुंकर घाली आणि पेज बाळाच्या घशात ढकलली जाई. वेळ वाचे. अनाथालयांत एकेका बाईकडे अनेक बालके असत, तेथे वेळेला फार किंमत होती. बाळाच्या श्वासाचा आणि गिळण्याचा मेळ बसतो की नाही, हे पाहण्यास मात्र कोणाला उसंत नव्हती.

९/
या पार्श्वभूमीवर लंडनचा वैद्य ह्यू स्मिथ याने १७७०च्या सुमारास घडवलेले 'बबी-पॉट' उठून दिसते. कथिलाची छोटी कॉफीची किटली असावी तसे हे भांडे होते. त्याच्या चोचीचे टोक बोंडासारखे गोलसर होते, त्यात तीन-चार बारीक छिद्रे होती आणि वरून तलम कापड बांधायचे असे. स्मिथने या रचनेचे समर्थन करताना सांगितले की, बाळाला प्रत्येक थेंबासाठी कष्ट करावे लागतात आणि ते अंगावर पिताना पडणाऱ्या कष्टांसारखेच असतात. गती मुद्दाम मंद ठेवावी, हा विचार येथे एका कारागिरीच्या रूपाने अवतरला.

१०/
स्मिथचा विचार योग्य होता, पण साधन सदोष होते. किटलीच्या चोचीची नळी आतून घासता येत नसे. कापडात दूध आंबे. जुन्या कथिलात पुष्कळदा शिसेही मिसळलेले असे. म्हणजे दूध योग्य गतीने येऊ लागले, पण ते कशातून येते आहे याचे ज्ञान अजून जन्मास यायचे होते. रोगजंतूंचा सिद्धान्त स्थिर होण्यास आणखी सुमारे शंभर वर्षांचा अवकाश होता. गती आणि स्वच्छता यांची ही ताटातूट पुढच्या शतकात अनेक बालकांच्या जिवावर बेतली.

११/
एकोणिसाव्या शतकात काच स्वस्त झाली आणि नवनव्या कल्पनांना ऊत आला. १८४१ साली अमेरिकेतील चार्ल्स विंडशिप याने आईच्या स्तनावरच बसवता येईल अशा काचेच्या भांड्याचे पेटंट घेतले. भांड्यातील दूध आपल्या आईचेच आहे असे बाळाला वाटावे, ही त्यामागील कल्पना. ती लोकप्रिय झाली नाही. अडचण काचेची नव्हतीच. मऊ, लवचीक, टिकाऊ आणि छिद्र पाडता येईल असा पदार्थ हवा होता. तो लवकरच मिळाला : रबर.

१२/
कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत तडकते. त्यात गंधक मिसळून ते तापवल्यास हा दोष जातो, हे चार्ल्स गुडइयर याला १८३९ साली उमगले आणि १८४४ साली त्याने त्याचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी, १८४५ मध्ये, न्यूयॉर्कच्या एलायजा प्रॅट याने रबरी निपलचे पेटंट मिळवले. आजच्या निपलची वंशावळ येथून सुरू होते. आरंभीचे रबर काळसर होते, त्याला उग्र वास येई आणि उकळत्या पाण्यात ते फार काळ टिकत नसे. बाळे ते नाकारत. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत रबर सुधारले, तेव्हाच हे निपल खऱ्या अर्थाने घरोघरी पोहोचले.

१३/
दरम्यान रबराचा दुसराच उपयोग अधिक वेगाने पसरला. काचेची चपटी बाटली, तिच्या बुचातून आत उतरणारी काचेची नळी, बाहेर हातभर लांब रबरी नळी आणि नळीच्या टोकाला निपल, अशी रचना होती. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये या बाटल्यांना 'अलेक्झांड्रा'सारखी राजघराण्यातील गोड नावे दिली जात. तिचे आकर्षण उघड होते. बाटली पाळण्यात ठेवावी, निपल तोंडात द्यावे आणि बाळाने पडल्या पडल्या हवे तेव्हा प्यावे. गिरणीत किंवा परक्याच्या घरी राबणाऱ्या आईला हा मोठाच दिलासा होता. वरवर पाहता येथे गती पूर्णपणे बाळाच्या हाती आली होती.

१४/
प्रत्यक्षात हीच बाटली पुढे 'खुनी बाटली' या नावाने कुप्रसिद्ध झाली. रबरी नळीच्या आतील पृष्ठभागावर दुधाचा थर साचे. नळीत ब्रश नीट फिरत नसे आणि उष्णतेने रबर बिघडत असल्याने ते उकळतही नसत. कोमट दूध पाळण्यातल्या उबेत तासन् तास पडून राही. जंतूंची वाढ होण्यास यापेक्षा अनुकूल जागा शोधून सापडली नसती. उन्हाळ्यात बालकांचा अतिसार जणू साथीसारखा उसळे. त्या काळी इंग्लंडमध्ये जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे १५० पहिला वाढदिवस पाहत नसत. त्या सर्व मृत्यूंना बाटली कारण नव्हती, पण डॉक्टरांचे बोट वारंवार तिच्याकडे वळत होते.

१५/
अज्ञान केवळ गरिबांच्या घरात होते असे नाही. इझाबेला बीटन यांचा गृहव्यवस्थेवरील ग्रंथ १८६१ साली प्रसिद्ध झाला आणि इंग्लंडच्या मध्यमवर्गीय घरांत तो प्रमाण मानला गेला. त्यात असा सल्ला होता की, बाटलीला एकदा नीट बसवलेले बोंड नवे लावेपर्यंत काढण्याची गरज नाही, आणि ते पंधरवडाभर, जपल्यास त्याहूनही अधिक काळ चालते. ही निष्काळजी नव्हती. तेव्हाच्या ज्ञानाची सीमाच तेथे होती. स्वतः बीटन यांना पहिली दोन मुले बालपणीच गमवावी लागली होती.

१६/
पाश्चर आणि त्यांच्या समकालीनांच्या संशोधनानंतर चित्र पालटू लागले. १८८६ साली जर्मन रसायनज्ञ फ्रांत्स फोन सॉक्स्लेट याने बालकांचे दूध तापवून निर्जंतुक करण्याची पद्धत सुचवली. १८९३ साली नेथन स्ट्राउस याने न्यूयॉर्कमध्ये पाश्चरीकृत दुधाची केंद्रे उघडली, तर पुढच्या वर्षी फ्रान्समधील फेकाँ या गावी डॉक्टर लेऑन द्युफूर याने 'दुधाचा थेंब' या अर्थाच्या नावाने असेच केंद्र सुरू केले. अखेर १९१० साली फ्रान्सने कायदा करून नळीच्या बाटलीच्या विक्रीवर बंदी घातली. इंग्लंडमध्ये मात्र ती त्यानंतरही बरीच वर्षे दुकानांत दिसत राहिली.

१७/
नळी गेली तेव्हा निपल पुन्हा थेट बाटलीवर आले आणि गतीचा प्रश्न नव्याने उभा राहिला. येथे एक साधे भौतिकशास्त्र आहे. बंद बाटलीतून दूध बाहेर पडले की आत पोकळी निर्माण होते. तिची जागा घ्यायला हवा आत आली नाही तर दूध अडते आणि निपल चपटे होते. इंग्लंडमधील ॲलन अँड हॅनबरीज या कंपनीच्या, दोन्ही टोकांना उघड्या असलेल्या, नावेच्या आकाराच्या बाटलीने यावर उपाय काढला. एका टोकाला निपल आणि दुसऱ्या टोकाला हवा आत घेणारी रबरी झडप. दोन्ही टोके उघडी असल्याने नळाच्या धारेखाली ती आरपार धुता येई. गती आणि स्वच्छता यांची शतकभराची ताटातूट येथे प्रथमच मिटली.

१८/
पुढील काळात बाटली उभी झाली, तोंड रुंद झाले आणि हवेची झडप निपलच्या बुडाशी सरकली. छिद्र मात्र घरच्याच हाती राहिले. सुई बुचात खोचायची, तिचे टोक ज्योतीवर लाल करायचे आणि रबरात टोचायचे, ही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक देशांत परिचित असलेली घरगुती कारागिरी होती. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बेंजामिन स्पॉक यांच्या १९४६च्या विख्यात पुस्तकातही ती येते. बाटली उलटी धरल्यावर आधी क्षणभर बारीक फवारा आणि मग थेंब पडू लागले तर छिद्र योग्य, ही कसोटीही त्यांनी दिली. सारखी धार लागली तर छिद्र फार मोठे.

१९/
या सुईत एक फसवणूक दडलेली होती. छिद्राचा व्यास दुप्पट झाला की त्याचे क्षेत्रफळ चौपट होते. टोकावर किंचित अधिक दाब पडला की मंद निपल एका क्षणात धो धो वाहू लागे. एकाच घरातील दोन निपले सारखी नसत. त्यामुळे काल शांतपणे पिणारे बाळ आज का ठसकते, याचा उलगडा होत नसे. पुष्कळदा दोष दुधाला किंवा बाळाच्या स्वभावाला दिला जाई. आता घरी छिद्र वाढवू नये असे सांगतात. त्यामागे हे कारण तर आहेच, शिवाय फाटलेल्या निपलचा तुकडा बाळाच्या घशात अडकण्याचा धोकाही आहे.

२०/
बाळ नेमके पिते कसे, हे प्रत्यक्ष पाहण्याची सोय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. १९५८ साली आर्ड्रन, केम्प आणि लिंड या संशोधकांनी क्ष-किरण चलच्चित्रांच्या साहाय्याने बाळाच्या जिभेची हालचाल टिपली. १९६८ साली पीटर वुल्फ याने दाखवले की दूध येत असताना बाळ सेकंदाला साधारण एकदा चोखते आणि नुसतेच चोखताना साधारण दोनदा. प्रत्येक घोटाच्या वेळी श्वास क्षणभर थांबतो. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे ही तिपेडी वेणी आहे. एक पेड ओढला गेला की उरलेले दोन विस्कटतात.

२१/
हा मुद्दा १९८०च्या दशकात ऊमेन मॅथ्यू यांच्या अभ्यासांनी अधिक स्पष्ट केला. दूध वेगाने आले की बाळाला वारंवार गिळावे लागते आणि श्वासाला मिळणारा वेळ घटतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात हा परिणाम विशेष घातक ठरतो, कारण ही तिपेडी जुळणी गर्भकाळाच्या साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास आकार घेऊ लागते. दुर्बल बाळाला पिणे सोपे जावे म्हणून मोठ्या छिद्राचे निपल देण्याची प्रथा अनेक ठिकाणी होती. मदत म्हणून दिलेली गोष्ट भार ठरत होती. वेगवान दूध म्हणजे सोपे दूध नव्हे, हे येथे प्रयोगाने सिद्ध झाले.

२२/
१९८०च्या दशकाच्या आरंभी रबरी निपलमधील नायट्रोसामाइन या घातक द्रव्यांवर अमेरिकेत मर्यादा घालण्यात आली आणि पुढे सिलिकोनचा प्रसार वाढला. साच्यातून काढलेल्या सिलिकोनमध्ये छिद्र नेमक्या मापाचे पाडता येते. त्यातून निपलच्या 'पायऱ्या' रूढ झाल्या : नवजातासाठी मंद, तीन महिन्यांनंतर मध्यम, सहा महिन्यांनंतर जलद. आता गती ना बाळ ठरवीत होते, ना आई, ना ज्योतीवरची सुई. ती पाकिटावर छापून येऊ लागली. एका छिद्राचा व्यवसाय चार छिद्रांचा झाला, हेही नमूद करावे लागेल.

२३/
या पायऱ्या कितपत विश्वसनीय आहेत? ब्रिट पॅडोस व सहकाऱ्यांनी २०१५ आणि २०१६ साली बाजारातील अनेक निपलांची गती यंत्राने मोजून प्रसिद्ध केली. सर्वांत मंद आणि सर्वांत वेगवान निपल यांत कित्येक पटींचे अंतर आढळले. एका कंपनीचे 'मंद' निपल दुसरीच्या तशाच नावाच्या निपलापेक्षा बरेच वेगवान असू शकते, असेही दिसून आले. म्हणजे पाकिटावरचा महिना हा पंचांगातील मुहूर्त नव्हे. तो एक अंदाज आहे, आणि बाळाने ते पाकीट वाचलेले नसते.

२४/
म्हणून आजची समजूत पुन्हा बाळाच्या चेहऱ्याकडे वळते. निपल दबून चपटे होत असेल, चोखणे जोराचे पण घोट विरळ असतील, बाळ चिडून निपल सोडत असेल किंवा दमून अर्ध्यातच झोपत असेल, तर गती कमी पडत असण्याचा संभव आहे. त्याआधी बाटलीचे कडे फार घट्ट आवळले आहे काय आणि हवेचे छिद्र बुजले आहे काय, हे पाहावे लागते, कारण हीच लक्षणे त्यानेही दिसतात. ओठांच्या कडांतून दूध ओघळणे, ठसका, घाईघाईने गटागट गिळणे, बोटे ताठ फाकणे, तोंड फिरवणे ही गती अधिक झाल्याची चिन्हे. तशी दिसली तर मोठे निपल काढून मागच्या पायरीवर येण्यात काही कमीपणा नाही. काही बाळे पहिल्याच पायरीवर बाटलीचे दिवस संपवतात. अडचण सतत राहिली किंवा वजन वाढेनासे झाले, तर उत्तर निपलाच्या दुकानात नसून बालरोगतज्ज्ञाकडे असते.

२५/
या इतिहासाची दुसरी बाजू सार्वजनिक आहे. बाटली आणि दुधाची भुकटी जिथे स्वच्छ पाणी व इंधन दुर्मीळ होते तिथेही पोहोचली, आणि नळीच्या बाटलीचा इतिहास निराळ्या रूपात पुन्हा घडला. सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी १९३९ साली सिंगापूरमध्ये भाषण करून, अयोग्य दुधाच्या प्रचाराने होणाऱ्या बालमृत्यूंना हत्याच म्हटले पाहिजे, अशी भूमिका घेतली. १९७०च्या दशकात हा लढा जागतिक झाला. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने मातृदुग्धाच्या पर्यायांच्या विपणनासंबंधीची संहिता ११८ विरुद्ध १ मतांनी स्वीकारली. विरोधी मत अमेरिकेचे होते. संहितेच्या कक्षेत दुधाबरोबर बाटल्या आणि निपलही होती.

२६/
भारताने यासाठी १९९२ साली स्वतंत्र कायदा केला. तो १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आला आणि २००३ साली अधिक कडक झाला. शिशुदुग्ध-पर्याय आणि दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातीला या कायद्याने बंदी आहे. विशेष म्हणजे 'दुधाची बाटली' या संज्ञेच्या व्याख्येत तिला जोडलेले वा जोडता येणारे निपल आणि झडप यांचाही समावेश आहे. एलायजा प्रॅटचे रबरी बोंड आणि नावेच्या आकाराच्या बाटलीची झडप, दोघांनाही अशा रीतीने भारतीय कायद्यात जागा मिळाली. कायद्याच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थांत मुंबईची 'अकॅश' ही ग्राहक-संस्थाही होती. पुढे महाराष्ट्रातील एसटी स्थानकांवर स्तनदा मातांसाठी 'हिरकणी कक्ष' आले, तेही याच विचारप्रवाहातून.

२७/
रुग्णालयांतही जुनी साधने परतली. स्तनपानाला पोषक अशा रुग्णालयांसाठी आखलेल्या दहा सूत्रांत कृत्रिम निपल देऊ नये असे एक सूत्र होते. २०१८ साली ते बदलून, निपल वापरण्याचे धोके मातांना समजावून सांगावेत, असे करण्यात आले. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला भारतातील अनेक नवजात-कक्षांत वाटी-चमच्याने किंवा 'पलाडई' या चोचीच्या भांड्याने दूध देतात. पलाडई हे दक्षिण भारतातील पारंपरिक साधन, म्हणजे मराठी बोंडल्याचे सख्खे भावंड. ते उघडे असल्याने नीट धुता येते. पाजणाऱ्याने घाई केली नाही आणि बाळाला स्वतः घोट घेऊ दिला, तर ओतण्याचे भांडेही ओढण्याचे होऊ शकते.

२८/
बाटलीच्या बाबतीतही हेच घडले. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून 'बाळाच्या गतीने पाजणे' ही पद्धत मांडली जाऊ लागली. बाळाला जवळजवळ बसते धरावे, बाटली आडवी ठेवावी म्हणजे दूध स्वतःहून ओघळणार नाही, बाळाने तोंड उघडल्यावरच निपल द्यावे आणि मध्ये मध्ये थांबावे. बाटली संपवणे हे उद्दिष्ट ठेवू नये. यात नवे यंत्र काहीच नाही. सोरेनसचे 'थोडे थोडे' आणि ह्यू स्मिथचे 'प्रत्येक थेंबासाठी कष्ट' आता निपलाच्या छिद्रातून काढून पाजणाऱ्याच्या हातात ठेवले आहेत.

२९/
शिंगाच्या टोकाला चामडे शिवणाऱ्याला जंतू ठाऊक नव्हते. नळीची बाटली पाळण्यात ठेवून कामावर जाणाऱ्या आईला ती बाळाचे भलेच करते आहे असे वाटत होते. बीटनबाईंचा सल्लाही सद्भावनेचा होता. या इतिहासात दुष्ट माणसे थोडी आहेत आणि घाईत, अडचणीत किंवा अज्ञानात सापडलेली माणसे पुष्कळ. पिढ्यान् पिढ्यांच्या त्या चुकांतून एक गोष्ट हळूहळू पक्की झाली : दुधाचा वेग हा सोयीचा विषय नसून श्वासाचा विषय आहे.

३०/
'बोळ्याने दूध पिणारा' हा मराठीत अजाणपणाचा शेरा आहे. पण बोळा चोखणारे ते बाळ अजाण नव्हते. किती ओढायचे, कधी थांबायचे आणि श्वास कधी घ्यायचा, हे त्याला उपजत माहीत होते. ते ओळखण्यास शहाण्या माणसांना मात्र दोन सहस्र वर्षे लागली. (समाप्त)